प्रायॉनचा धडा : गुठळीआधीचे प्रथिन

क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजार, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘सीजेडी’, जिथे जिथे नीट मोजला गेला तिथे दरवर्षी दहा लाख लोकसंख्येमागे एक-दोघांना होताना आढळला आहे. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९४ लाख होती. साधे त्रैराशिक मांडले तर एकट्या या जिल्ह्यात वर्षाला दहा ते वीस रुग्ण निघायला हवेत. आधी विसरणे, मग तोल जाणे, अंगाला अचानक हिसके बसणे, बोलणे बंद होणे आणि बहुतेकांच्या बाबतीत वर्षाच्या आत मृत्यू, असा हा आजार चालतो. एवढ्या थोड्यांना होणाऱ्या आजाराची उठाठेव कशाला, असे कुणी विचारील. भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख, स्मृतिभ्रंशाने ग्रासले आहेत, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. त्यातल्या मोठ्या हिश्श्याच्या मेंदूत एखाद्या नेहमीच्या प्रथिनाची घडी बिघडते आणि तो बिघाड शेजारच्या रेणूंमध्ये पसरत जातो. ही प्रक्रिया सर्वांत स्वच्छपणे पाहायला मिळते ती सीजेडीसारख्या प्रायॉनच्या आजारांत. म्हणून दुर्मीळ आजाराचा अभ्यास इथे सर्वसामान्य आजारांच्या कामाचा ठरतो. गेली तीसेक वर्षे वैद्यकाने मेंदूत साचलेल्या गुठळ्यांना शत्रू मानले आणि त्या काढण्यावर जोर लावला. प्रायॉनच्या जनुकाचा पुरावा मात्र गुठळीच्या मागे, तिला माल पुरवणाऱ्या धडधाकट प्रथिनाकडे बोट दाखवतो, आणि उपचाराचा पहिला नेम तिथेच धरायला हवा, असे या लेखाचे म्हणणे आहे.

लागण होणारा पदार्थ निव्वळ प्रथिनाचा असू शकेल, ही शक्यता ब्रिटिश गणितज्ञ ग्रिफिथ यांनी १९६७ मध्येच मांडली होती. १९८२ मध्ये स्टॅनली प्रुसिनर यांनी त्याला ‘प्रायॉन’ हे नाव दिले, भरपूर टीका सोसली आणि १९९७ मध्ये नोबेल मिळवले. या सगळ्या वादाला खरी कलाटणी मिळाली ती मात्र १९८५ साली. संसर्गजन्य पदार्थातल्या प्रथिनाचा जनुक शोधायला गेले तर तो जंतूत सापडला नाही, आपल्याच पेशींत सापडला. माणसात तो विसाव्या गुणसूत्रावर आहे, त्याचे नाव पीआरएनपी, आणि त्यावरून बनणारे प्रथिन निरोगी माणसाच्या मेंदूतल्या चेतापेशींवर आयुष्यभर असते. पुढे झुरिचमध्ये चार्ल्स वाइसमान यांच्या प्रयोगशाळेने हा जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्यांच्या मेंदूत आजारी मेंदूचा अर्क टोचला तरी ते आजारी पडले नाहीत, हे १९९३ मध्ये सिद्ध झाले. ज्या उंदरांत जनुकाची एकच प्रत ठेवली होती, म्हणजे प्रथिन निम्मे होते, त्यांना आजार झाला, पण फार उशिरा. विरजण कितीही चांगले असले तरी भांड्यात दूधच नसेल तर दही लागत नाही, आणि दूध कमी असेल तर दहीही कमीच लागते. या प्रयोगांचा एवढाच अर्थ होता, पण तो पचवायला वैद्यकाला बरीच वर्षे लागली.

पचवणे आणखी सोपे करणारा पुरावा २००३ मध्ये आला, आणि या सगळ्या विषयातला सर्वांत निर्णायक प्रयोग कोणता असे विचारले तर बोट त्याच्यावरच ठेवावे लागेल. लंडनमध्ये जोव्हाना मलुची यांच्या गटाने उंदरांना आधी प्रायॉनची लागण होऊ दिली, मेंदूत बदल सुरू झाले आणि मग चेतापेशींतले प्रायॉन प्रथिन बनणेच बंद केले. सुरुवातीची पोकळ्या पडण्याची खूण मागे हटली आणि उंदीर आजारी पडले नाहीत. गंमत अशी की, चेतापेशींना आधार देणाऱ्या इतर पेशींमध्ये बिघडलेले प्रथिन तरीही साचतच राहिले. गुठळ्या वाढत होत्या आणि उंदीर ठणठणीत होते. दोन वर्षांनी अमेरिकेत मोंटाना राज्यात ब्रूस चेसब्रो यांनी दुसऱ्या बाजूने तेच दाखवले. प्रायॉन प्रथिनाला पेशीच्या कातडीशी बांधून ठेवणारा दुवा काढून टाकला, तर लागण झालेल्या उंदरांच्या मेंदूत अमायलॉइडचे, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनाच्या तंतूंचे, थर साचले, पण नेहमीचा आजार दिसला नाही. साचलेला कचरा आणि होणारी इजा यांचा संबंध आपण समजत होतो तितका सरळ नाही. इजेला चेतापेशीवर बसलेले, चालू स्थितीतले प्रथिन लागते.

माणसांच्या जनुकांतला पुरावाही याच वाटेने जातो, फक्त त्यात एक वळण जास्त आहे. प्रायॉन आजारांपैकी दहा ते पंधरा टक्के आनुवंशिक असतात. यातल्या एका उत्परिवर्तनात १७८ व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी अ‍ॅस्पॅराजिन येते. १९९२ मध्ये असे उघड झाले की, हाच बदल असलेल्या दोन कुटुंबांना अगदी वेगळे आजार होऊ शकतात. त्याच जनुकाच्या १२९ व्या जागी मेथिओनिन असेल तर झोपच नाहीशी करणारा घातक निद्रानाश होतो, आणि व्हॅलिन असेल तर सीजेडी. १२९ व्या जागेचा हा फरक निरोगी माणसांतही असतो आणि स्वतःहून कुणालाही आजारी पाडत नाही. पण तो बिघडलेली घडी कोणत्या आकाराची होणार हे ठरवतो. या दोन आजारांतल्या बिघडलेल्या प्रथिनांचे तुकडे वेगवेगळ्या वजनाचे निघतात, आणि उंदरांत टोचले की एकाच क्रमाच्या प्रथिनातून पुन्हा तेच दोन वेगळे आकार उगवतात, हे १९९६ मध्ये दिसले. म्हणजे माहिती फक्त अक्षरांत नसते, आकारातही असते. ब्रिटनमध्ये गायींच्या वेडापासून माणसांना झालेल्या नव्या प्रकारच्या सीजेडीने १७८ बळी घेतले. तिथे जनुकीय तपासणी झालेल्या निश्चित रुग्णांपैकी २०१६ पर्यंतच्या प्रत्येकात १२९ व्या जागी दोन्ही प्रतींत मेथिओनिनच होते. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांत कुरू या प्रायॉन आजाराच्या साथीतून वाचलेल्यांमध्ये १२७ व्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन असलेला प्रकार आढळला. उंदरांत तो घातल्यावर दोन्ही प्रतींत तो असलेल्या उंदरांना कुठलाच मानवी प्रायॉन जडला नाही. एका जागी एक अमिनो आम्ल बदलले आणि आकार पलटण्याचा रस्ताच बंद झाला. निसर्गाने केलेला हा प्रयोग गुठळी काढण्याचा नाही, धडधाकट प्रथिनाला पलटू न देण्याचा आहे.

मग धडधाकट प्रथिन पलटते तरी कसे? या प्रश्नावर भारतात झालेल्या सर्वांत चिकाटीच्या कामाचा धागा पुण्यात येऊन पोहोचतो. जयंत उदगावकर यांनी बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेत अनेक वर्षे प्रथिनांच्या घड्या आणि त्यांतला बिघाड अभ्यासला आणि २०१८ ते २०२२ या काळात ते पाषाणच्या आयसरचे संचालक होते. त्यांच्या गटाने उंदराचे प्रायॉन प्रथिन हाताशी घेऊन जे केले ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. या प्रथिनाचा पुढचा अर्धा भाग मोकळा लोंबता असतो आणि मागच्या अर्ध्या भागात तीन पिळे घट्ट बांधलेले असतात. प्रथिन जड पाण्यात ठेवले की त्यातले हायड्रोजनचे अणू हळूहळू ड्युटेरियमशी अदलाबदल करतात. घडी घट्ट असेल तिथे ही अदलाबदल जवळजवळ होत नाही, आणि जो भाग अधूनमधून उघडतो तिथे ती भराभर होते. मग प्रथिनाचे तुकडे करून प्रत्येकाचे वजन मोजायचे. कोणता तुकडा जड झाला यावरून कोणता भाग क्षणभर उघडला होता ते कळते. सामू खाली आणला, म्हणजे द्रावण आम्ल केले, की प्रथिन पूर्ण विस्कटत नाही. अगदी थोडे रेणू काही भाग उघडलेल्या अवस्थेत येतात आणि तिथून गुठळीची वाट सुरू होते. २०१६ मध्ये या गटाने दाखवले की यासाठी १८६ व्या जागचे हिस्टिडिन किंवा २०१ व्या जागचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल यांपैकी एकाने प्रोटॉन उचलला तरी पुरतो. माणसात याच दोन जागा मोजताना १८७ आणि २०२ अशा येतात, आणि दोन्ही जागी कुटुंबात चालत येणारी रोगकारक उत्परिवर्तने आधीपासून माहीत आहेत. त्याआधी, २०१४ मध्ये, दुसरा पिळा मुद्दाम घट्ट केला तर बिघाडच थांबतो, हेही त्यांनी दाखवले होते. म्हणजे आनुवंशिक आजार जो बदल जनुकातून करतो, तोच बदल आम्लता प्रोटॉनमधून करते. दोघांचा परिणाम एकाच ठिकाणी होतो, तो म्हणजे निरोगी घडीच्या एका कमकुवत सांध्यावर.

यावर आक्षेप येणारच, आणि तो फालतू नाही. नळीत केलेल्या या प्रयोगांतले प्रथिन जिवाणूंकडून बनवून घेतलेले असते. त्यावर मेंदूतल्या प्रथिनासारखे साखरेचे फाटे नसतात, त्याला पेशीच्या कातडीत रोवणारी मेदाची दोरी नसते, आणि या नळीत तयार होणाऱ्या छोट्या गुठळ्या आजार लावत नाहीत. २०२१ मध्ये शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने खऱ्या, संसर्गजन्य प्रायॉन तंतूची रचना दाखवली तेव्हा त्यात पिळे शिल्लकच नव्हते. सबंध प्रथिन सपाट होऊन एकावर एक रचले गेले होते. काही रोगकारक उत्परिवर्तने तर नळीत प्रथिनाची स्थिरता फारशी बदलतही नाहीत. हे सगळे मान्य करूनही म्हणता येते की हा आक्षेप निष्कर्षाची हद्द आखतो, निष्कर्ष मोडत नाही. शेवटचा तंतू कसा दिसतो हा एक प्रश्न, आणि पहिला रेणू कोणत्या दाराने बाहेर पडतो हा दुसरा. औषधाला दुसऱ्याचे उत्तर हवे असते. आणि ज्या उत्परिवर्तनांनी मूळ घडी हलत नाही, त्यांनाही काम करायला मूळ प्रथिन लागतेच. त्यामुळे ‘पुरवठा कमी करा’ हा धडा तिथेही तसाच राहतो.

अमायलॉइड म्हणजे विष, ही समजूत मोडायला मदत करणारे काम महाराष्ट्रातच सुरू आहे. पवईच्या आयआयटीतले समीर माजी यांनी २००९ मध्ये, झुरिचच्या रोलांड रीक यांच्याबरोबर, असे दाखवले की आपल्या पिट्यूटरी ग्रंथीत अनेक संप्रेरके अमायलॉइडच्या रूपातच साठवलेली असतात आणि गरजेच्या वेळी सुटी होऊन रक्तात जातात. रोग नाही, साठवण आहे. त्यांच्याच गटाने २०२० मध्ये कंपवाताशी जोडलेल्या अल्फा-सायन्यूक्लिनचे रेणू आधी द्रवाच्या थेंबांत एकत्र येतात आणि मग हे थेंब घट्ट होत तंतूंकडे जातात, असे दाखवले. इथेही गोष्ट सुरू होते ती रेणूंच्या गर्दीपासून. जनुकांची साक्षही जुळते. अल्फा-सायन्यूक्लिनचा जनुक दुपटी-तिपटीने आला की त्यात एकही अक्षर चुकलेले नसताना कंपवात होतो, हे २००३ पासून माहीत आहे. डाऊन सिंड्रोममध्ये अमायलॉइडच्या मूळ प्रथिनाचा जनुक असलेल्या २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, आणि त्या लोकांना अल्झायमर लवकर गाठतो. उलट २०१२ मध्ये आइसलँडमध्ये सापडलेला एक बदल अमायलॉइडचे उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी घटवतो आणि अल्झायमरपासून संरक्षण देतो. तीन वेगवेगळे आजार आणि तीन वेगवेगळी प्रथिने असली, तरी प्रमाण वाढले की रोग लवकर आणि घटले की उशिरा, हे गणित सगळीकडे तेच आहे.

हे आजार मग ‘प्रायॉनचे आजार’ म्हणायचे का? शब्दापेक्षा त्याच्या परिणामांकडे पाहावे. ब्रिटनमध्ये १९५९ ते १९८५ या काळात मृतदेहांच्या पिट्यूटरीतून काढलेले वाढीचे संप्रेरक १८४८ मुलांना दिले गेले. त्यातल्या काहींना प्रायॉनची लागण होऊन सीजेडी झाला. पुढे, २०२४ मध्ये, जॉन कॉलिंज यांच्या गटाने तपासलेल्या, हे संप्रेरक घेतलेल्या आठ जणांपैकी पाच जणांत लवकर सुरू झालेल्या स्मृतिभ्रंशाची लक्षणे आढळली. अमायलॉइडचे बीज माणसातून माणसात गेले असावे, असा त्याचा अर्थ आहे. पण हे बंद झालेल्या एका औषधातून घडले. अल्झायमरच्या रुग्णाची सेवा करणाऱ्या सुनेला किंवा मुलाला तो आजार लागत नाही, आणि हे आपल्याकडे ठासून सांगितले पाहिजे. ‘लागण’ हा शब्द वर्तमानपत्रात आला की घराघरांत आजी-आजोबांची भांडी वेगळी व्हायला वेळ लागत नाही.

आता सर्वांत कठीण दोन आक्षेप. पहिला : गुठळ्या काढण्याने फायदा झालाच की. लेकॅनेमॅब या प्रतिपिंडाने अल्झायमरच्या सुरुवातीच्या अवस्थेत १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. खरे आहे, पण मंदावली, थांबली नाही. मेंदूला सूज आणि रक्तस्राव हे धोके सोबत आहेत, आणि हे औषध तयार गुठळीपेक्षा सुट्या छोट्या तंतूंवर जास्त बसते, ही गोष्टही या लेखाच्याच बाजूची आहे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे : प्रथिनाचा पुरवठा घटवण्याचे प्रयत्न सपशेल फसले आहेत. अमायलॉइड तयार करणारी कात्री बंद करणारे व्हेरुबेसेस्टॅट घेतलेल्या लोकांची बुद्धी सुधारण्याऐवजी थोडी ढासळली. हंटिंग्टनच्या आजारात मूळ प्रथिन घटवणारे टोमिनर्सन २०२१ च्या मार्चमध्ये थांबवावे लागले. हे अपयश झाकून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण ही दोन्ही उदाहरणे नेमकी काय सांगतात? ती कात्री मेंदूत इतर अनेक प्रथिनेही कापते. ती बंद केली की शेजारची कामेही बंद पडतात. आणि टोमिनर्सनने बिघडलेल्या हंटिंग्टिनसोबत चांगलेही घटले, जे पेशीला लागते. ‘प्रथिन कमी करा’ हे सूत्र सरसकट वापरायचे नाही. ज्या प्रथिनावाचून शरीर भागवू शकते, हे जनुकांनी आधीच दाखवले आहे, तिथेच ते वापरायचे.

प्रायॉन प्रथिन त्या कसोटीला उतरते. जनुक नसलेले उंदीर जगतात. त्यांच्या परिघीय चेतांच्या आवरणात वय वाढले की थोडा बिघाड होतो, एवढीच मोठी तक्रार. नॉर्वेतल्या दुभत्या बकऱ्यांत हे प्रथिन जन्मतःच नसलेल्या बकऱ्या २०१२ मध्ये सापडल्या, त्या दिसायला आणि वागायला नेहमीच्याच. माणसांतही या जनुकाची एक प्रत बंद पडलेली निरोगी माणसे आढळली आहेत. म्हणूनच मूळ प्रथिन बनवणाऱ्या आरएनएला गाठून ते तोडणारी अँटिसेन्स औषधे लागण झालेल्या उंदरांचे आयुष्य वाढवू शकली, आणि अशा एका औषधाच्या माणसांवरच्या पहिल्या चाचण्या २०२४ च्या सुमारास सुरू झाल्या. चेतापेशींच्या दुसऱ्या एका आजारात, एसओडी-१ या जनुकातल्या बिघाडामुळे होणाऱ्या एएलएसमध्ये, याच पद्धतीच्या टोफर्सनला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली आहे. जनुकातले एक अक्षर बदलून प्रथिन बंद करण्याच्या पद्धतीने २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांचे आयुष्य ५२ टक्क्यांनी वाढले. त्या कामात सहभागी असलेल्या सोनिया वल्लभ स्वतः १७८ व्या जागचा तो बदल घेऊन जगत आहेत आणि त्या हे जाहीरपणे सांगतात. त्यांनी आणि त्यांचे सहकारी संशोधक एरिक मिनिकेल यांनी या उपचाराची जी दिशा धरली ती भावनेपोटी धरली असे म्हणणे अन्याय होईल. ती १९९३ च्या उंदरांपासून सुरू झालेल्या पुराव्याची सरळ पुढची पायरी आहे.

पुण्यापुरता प्रश्न मात्र औषधाआधी अहवालाचा आहे. आजकाल स्मृतिभ्रंशाच्या तरुण रुग्णाचे रक्त जनुकांच्या पॅनेलसाठी जाते आणि परत येणाऱ्या कागदावर पीआरएनपीमधला एखादा बदल ‘रोगकारक’ किंवा ‘अर्थ अनिश्चित’ म्हणून छापलेला असतो. २०१६ मध्ये मिनिकेल आणि सहकाऱ्यांनी ६०,७०६ लोकांची जनुकीय माहिती आणि त्याबरोबर पाच लाखांहून जास्त लोकांची माहिती चाळली, तेव्हा आधी रोगकारक म्हणून नोंदलेले बदल समाजात अपेक्षेपेक्षा किमान तीस पट जास्त निघाले. म्हणजे त्यातले बरेच निरुपद्रवी किंवा क्वचितच आजार करणारे होते. अशा कागदावर विसंबून कुणाला भवितव्य सांगणे धोक्याचे आहे, आणि भारतीय कुटुंबांत हा धोका जास्त, कारण पार्श्वभूमीची भारतीय माहिती आतापर्यंत तोकडी होती. ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पाने २०२५ च्या जानेवारीत १०,००० भारतीयांच्या जनुकांची माहिती संशोधकांना खुली केली. पीआरएनपीमधल्या कोणत्या बदलांचे भारतात नेमके किती वाहक आहेत, हा हिशेब आता बसल्या जागी मांडता येण्यासारखा आहे.

भारताकडे आकडे नसले की बाहेरचे लोक आपल्या वतीने कल्पना करतात, याचा नमुना २००५ मध्ये दिसला. ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये असा तर्क मांडला की भारतीय उपखंडातून खतासाठी व पशुखाद्यासाठी निर्यात होणाऱ्या हाडांत मानवी हाडे मिसळली असतील आणि त्यातूनच गायींचे वेड सुरू झाले असेल. बंगळुरूच्या निम्हान्समधले एस. के. शंकर आणि पी. सतीशचंद्र यांनी त्याला त्याच पानांवर सावध उत्तर दिले, तेही सीजेडीच्या भारतीय नोंदी त्यांच्याकडे होत्या म्हणून. निम्हान्समध्ये १९९५ पासून मानवी मेंदूंची बँक चालते. पुण्या-मुंबईतल्या मेंदूतज्ज्ञांनी झपाट्याने वाढणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सीजेडीचा विचार करावा, पाठीच्या कण्यातल्या द्रवाची तपासणी करवावी, आणि मृत्यूनंतर मेंदूदानाबद्दल नातेवाइकांशी आडपडदा न ठेवता बोलावे. नातेवाइकांनीही शवविच्छेदनाला लगेच नकार देण्याआधी एवढे विचारात घ्यावे की, हा आजार आनुवंशिक होता की नाही याचे खात्रीचे उत्तर त्यांच्याच मुलाबाळांना हवे असणार आहे.